मावशीवर चालली पाहिजे

नवीन माणसाला लोक नाव विचारतात, गाव विचारतात. काकांनी मला पहिल्या दिवशी विचारलं, "तुझ्या आईकडे फोन कुठला?"

मी सांगितलं. जुना, काचेला उभी चीर गेलेला, मेमरी कायम भरलेली.

"मग तू केलेलं काम ती बघते कशावर?"

"बघतच नाही. तिला वाटतं मी ऑफिसात टायपिंग करते."

काका एवढे खूश झाले की त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे अजून कुणी तुला बिघडवलेलं नाही. बस इथे."

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा होता. एका बाजूला प्लास्टिकची झाकणं बनवणारे, दुसऱ्या बाजूला पापडवाल्या बाया, आणि मध्ये आम्ही, लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारे. लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग, सोसायटीचा गणपती, जे येईल ते घ्यायचं. आम्ही तीन एडिटर कापाकापी करायचो, गाणी लावायचो, रंग बरे करायचो आणि तयार फिल्म काकांकडे सोपवायचो. कारण एक्स्पोर्ट काका करणार. एडिट केलेला व्हिडिओ कॉम्प्युटरमधून बाहेर काढून लोकांना बघता येईल एवढा लहान करून द्यायचा, एवढंच ते काम. त्याला एक बटण असतं. आधीच्या नोकरीत मी ते बटण दिवसातून दहादा दाबायचे, तेही फोनवर बोलता बोलता. त्या बटणासाठी इथे साठीचा एक अख्खा माणूस ठेवलाय हे बघून मला हसू फुटलं. पुढे बरेच दिवस मला त्या हसण्याची किंमत मोजावी लागली.

काकांचे वडील गिरणीत होते, गाव मालवणकडचं. स्वतः काका कॅसेटच्या जमान्यापासून या धंद्यात. दोन चष्मे, एक स्क्रीनसाठी आणि एक माणसांसाठी, आणि हवा तो कधीच डोळ्यांवर नसायचा. एरवी माझ्याशी साधं मुंबईचं बोलायचे, पण चिडले की थेट मालवणीत घुसायचे. मग समजायचं की आपली वाट लागली.

त्यांच्या टेबलाच्या वर एक लाकडी फळी होती. फळीवर एक जुना जाडजूड टीव्ही, एक डीव्हीडी प्लेयर, एक टॅब आणि तीन वेगवेगळ्या वयाचे फोन. सगळ्यात जुन्या, सगळ्यात स्वस्त फोनचं नाव मावशी. टीव्हीचं नाव सासरेबुवा. टॅब म्हणजे दुबईचा जावई. सकाळी आल्या आल्या काका सगळ्यांना चार्जिंगला लावायचे आणि दिवसभर गाळ्यात असले संवाद चालायचे.

"सासरेबुवा काय म्हणतायत?"

"चालतेय, पण रंग पिवळा दिसतोय."

"जावई?"

"जावई खूश."

"जावयाचं काय, त्याच्याकडे भारीतला टॅब. मावशीवर चालली का सांग. मावशीवर चालली पाहिजे."

मावशी नापास म्हणजे फिल्म नापास. मग परत पहिल्यापासून. बाहेर पार्टी ताटकळत उभी असली, गाळ्याचा मालक फोनवर ओरडत असला, तरी काका हलायचे नाहीत.

आता हे काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटायचं. मुलुंडच्या एका लग्नाची फिल्म होती आणि काका जेवायला गेलेले. मी म्हटलं, किती लाड करायचे यांचे? दाबलं बटण. वीस मिनिटांत फाईल तयार, सुरुवात बघितली, झकास. पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी नवऱ्या मुलाची आई फोनवर. "अगं, अक्षता पडायला लागल्यावर माझा मुलगा गेला कुठे?"

मी फाईल उघडली. मंगलाष्टकांपर्यंत सगळे छान. अक्षता उडाल्या आणि नवरा-नवरी, मामा, अंतरपाट, सगळ्यांचे चौकोनी तुकडे झाले. नुसते चौकोन हलतायत.

काका कसे ओरडतात ते मला त्या दिवशी कळलं. "तुका घाई कसली गो इतकी? कोण बघतलो, कशार बघतलो, काय विचारलंस?"

ओरडून झाल्यावर मात्र त्यांनी मला समोर बसवून समजावलं. फाईल लहान करायची म्हणजे प्रत्येक क्षणाच्या वाट्याला थोडीच जागा येते. नवरी नुसती बसलेली असेल तर थोड्या जागेत भागतं. पण हजारो तांदूळ एकदम उडाले की प्रत्येक दाण्याला जागा हवी, ती मिळत नाही आणि चित्र फुटतं. आणि लोकांना तोच तर क्षण बघायचा असतो. म्हणून काका सगळं दोन फेऱ्यांत करायचे. पहिल्या फेरीत कॉम्प्युटरने फिल्म नुसती बघायची, कुठे गर्दी आहे, कुठे निवांत आहे. दुसऱ्या फेरीत त्या अंदाजाने फाईल लिहायची. वेळ दुप्पट लागतो. "लागू दे," काका म्हणायचे. "अक्षतांना जागा सोडायची."

तेव्हापासून अक्षता, फुलं, कारंजी, आरतीचा धूर हे सगळे आमचे दुश्मन झाले. मढच्या बंगल्यात कुणीतरी लग्नाआधीचं शूटिंग केलं, त्यात जोडप्याच्या मागे रंगीत धूर सोडला होता. काकांनी त्या फोटोग्राफरला फोन लावला. "बाबा रे, मच्छर मारत होतास की काय?" तो बिचारा आजतागायत आमच्याकडे काम पाठवत नाही.

काकांचा दुसरा नेम म्हणजे आई. एडिटिंगमधून थेट लहान फाईल काढायची नाही. आधी एक अवाढव्य, एकही कण न गमावलेली फाईल काढायची, ती आई. मग आईपासून पोरी, म्हणजे टीव्हीची वेगळी, फोनची वेगळी, पेन ड्राइव्हची वेगळी. आई एकदा नीट तपासली की पोरींची काळजी नाही. आणि पोरीपासून पुढे नात काढायला सक्त बंदी. "झेरॉक्सची झेरॉक्स काढतेस काय? नातीला तोंड उरत नाही."

आमच्या फाईलींची नावंही त्यांनी मोडीत काढली. फायनल, फायनल टू, नवीन फायनल, खरी फायनल, असला आमचा कारभार. काकांच्या टेबलावर फायनल शब्द उच्चारला की त्या दिवशी चहा बंद. त्यांच्या फाईलींना बघणाऱ्यांची नावं असायची. बोरिवलीची आत्या टीव्ही. घाटकोपरचे आजोबा मोठा फोन. ही माहिती ते स्वतः पार्टीला फोन करून काढायचे. लोक गोंधळून जात. एका गुजराती बाईंना वाटलं की हे टीव्ही विकणारे आहेत, त्यांनी दोनदा फोन कापला. काकांनी तिसऱ्यांदा लावला.

आणि फाईल झाली की ती अख्खी बघायची. पुढे ढकलून नाही. दोन तास चाळीस मिनिटांची हळद असेल तर दोन तास चाळीस मिनिटं, कर्म माझं! काका मांडी घालून, वऱ्हाडी असल्यागत बघायचे. "हा मामा जेवला नाही वाटतं. बघ, कसा फिरतोय." "हिचं आणि जाऊबाईचं पटत नाही." एकदाही भेटलेले नसताना त्या घरांतली सगळी भांडणं त्यांना माहीत असायची. मी त्यांना खूप नावं ठेवली, पण खरं सांगते, त्या माणसाइतकं मन लावून दुसऱ्याचं लग्न बघणारा मी दुसरा पाहिला नाही.

तर, वाकोल्याची ती मुलगी.

तिचं लग्न बौद्ध पद्धतीने झालेलं, सांताक्रूझच्या एका हॉलमध्ये. फिल्म मीच एडिट केली होती. ती दिली त्याला दोन आठवडे झाले असतील, आणि एका दुपारी ती गाळ्यात हजर. अंधेरीच्या कुठल्याशा लॅबमध्ये कामाला होती, गळ्यात अजून तिथलं ओळखपत्र लटकत होतं. मला वाटलं, झालं, काहीतरी चूक सापडली.

"फिल्म मस्त झालीय," ती म्हणाली. "पण बाबा काही बोलतच नाहीत."

तिचे वडील गावी, लातूरकडे. लग्नाच्या आधी पडले, पाय मोडला, त्यामुळे येता आलं नाही. त्यांच्यासाठी आमच्याकडून फोनवर लहान फाईल गेली होती.

"मी विचारते, बघितलंत? छान झालं म्हणतात. साडी कशी वाटली? छान. हे कसे दिसत होते? छान. काका, लग्न मी माझ्या पसंतीने केलंय. बाबा हो म्हणाले होते, पण मनापासून म्हणाले का, तेच मला कळत नाहीय. शिव्या घातल्या तरी चालतील हो. पण नुसतं छान?" तिने डोळे पुसले आणि पुसल्याचा तिलाच राग आला. "त्यांचा फोन जुना आहे. नीट दिसतच नसेल त्यांना. तुम्ही असं काहीतरी करून द्या ना की त्यांना नीट दिसेल. मग बोलतील ते."

काकांनी फोन कुठला, नेटवर्क कसं, फोन लावून कोण देतं, सगळं विचारून घेतलं. धाकटी वहिनी लावून देते, ती म्हणाली. मुलगी गेल्यावर काकांनी तिच्या वडिलांना गेलेली ती फाईल उघडली. आता सांगायला लाज वाटते, पण ती फाईल मी काढली होती. त्या दिवशी काका पुतण्याच्या साखरपुड्याला गेले होते. आई नाही, दोन फेऱ्या नाहीत, थेट बटण. फुलांचा वर्षाव सुरू झाला आणि नवरीचा चेहरा चौकोनांत गेला.

काकांनी ती फाईल माझ्यासमोर डिलीट केली. ओरडले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं. आई काढली, दोन फेऱ्या केल्या, मावशी पास झाली, फाईल गावी गेली. तीन दिवसांनी मुलीचा फोन आला. "छान म्हणाले."

काकांनी उजेड वाढवला. छान. चेहरे जवळ आणले. छान. पाच मिनिटांची छोटी फिल्म करून पाठवली. छान. काकांचं जेवणावरचं लक्ष उडालं. बाजूच्या पापडवाल्या बाईंकडे अगदी तसलाच फोन निघाला, तर त्यांनी तो दोन दिवस मागून आणला. बाईंचे फोन काकांना यायचे आणि हा माणूस एकीकडे फुलांच्या पाकळ्या मोजत दुसरीकडे विचारायचा, "हॅलो, उडीद की मूग?"

शेवटी मी वैतागले. "काका, सोडा ना आता! बापाला लग्न पसंत नसेल. त्याला तुमचा एक्स्पोर्ट काय करणार?"

"तुका म्हायत हा? तू विचारलंस त्याका?"

"मी कशाला विचारू?"

"मगे मी इचारतंय," म्हणून त्यांनी सरळ वडिलांचा नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

"हॅलो, कोण बोलायलंय?"

काकांनी ओळख सांगितली.

"हां हां, लग्नाचा व्हिडिओ. छान झालाय की ओ साहेब."

"छान नका म्हणू," काका म्हणाले. "मी पाचव्यांदा करतोय तो. मला फक्त एवढं सांगा, काय दिसत नाही?"

पलीकडून हळूच आवाज आला. "पोरगी हाय का तिथं?"

"नाही. मी आहे आणि ज्या बाईंनी फिल्म केली त्या आहेत."

"मला काहीच दिसंना साहेब. साखरेनं डोळे गेले. सहा महिने झाले. उजेड हाय का अंधार, तेवढंच कळतंय. पाय मोडला तो बी त्यापायीच, ओट्यावरून पडलो. तिला सांगितलं असतं तर तिनं लग्न पुढं ढकललं असतं आन मला घेऊन दवाखाने हिंडली असती. म्हणून घरच्यांना बी गप केलं. पुढल्या महिन्यात येणार हायती दोघं, तवा मीच सांगतो. तुमी नका सांगू."

काकांनी दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले. टीव्ही कुठला, फोन कुठला, नेटवर्क कसं, सगळं सगळं विचारलं होतं आम्ही. डोळे आहेत का, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येणार? मी मनात म्हटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. या माणसाला लग्न पसंत नसेल असं मी आत्ताच बोलून बसले होते.

"एक विचारू का साहेब?" ते म्हणाले. "सूनबाई लावून देती, मी पाचीच्या पाची ऐकले. त्यात माझ्या लेकीचा आवाज कुठं हाय? नुसतं गाणंच वाजायलंय."

तो प्रश्न माझ्यासाठी होता. गाणं मी लावलं होतं. वधूवर मंचावर येतात तिथपासून फुलं पडेपर्यंत एकच गोड गाणं, आणि त्याखालचा खरा आवाज पूर्ण बंद. हॉलचा माईक खरखरत होता, कुणाचं तरी मूल रडत होतं, नवरी पंचशील म्हणताना एका ठिकाणी अडखळली होती. कोण ऐकणार ते? असंच करतात सगळे. आणि फळीवरच्या सगळ्यांचा आवाज काका कायम बंद ठेवायचे, नाहीतर सहा ठिकाणांहून एकदम सनई वाजायची. त्यामुळे त्यांच्याही लक्षात आलं नव्हतं.

"उद्या पाठवतो," काका एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

मूळ शूटिंग होतं. लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांच्या सदऱ्याला माईक होता, त्यात प्रत्येक शब्द आला होता. मी गाणं काढलं. आपण घाण केलीय तर आपणच निस्तरावी म्हणून खरखर साफ करायला घेतली, रडणारं मूल पुसायला घेतलं.

"ते मूल राहू दे," काका म्हणाले. "लग्नात बसल्यासारखं वाटायला नको?"

"आणि ही अडखळते ते? आठ सेकंद नुसती गप्प आहे. कापू?"

"हात लावू नकोस."

का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. लेकीचा आवाज मागितलाय ना, मग जसा आहे तसा द्यायचा, एवढंच त्यांचं गणित.

मग एक्स्पोर्ट. चित्र नाहीच. आई नको, फेऱ्या नकोत, मावशी नको. चाळीस मिनिटांचा नुसता आवाज, काका खुर्ची सरकवून बसेपर्यंत तयार झाला. "झाली?" त्यांनी दोनदा विचारलं. मग हेडफोन लावून, डोळे मिटून, चाळीसच्या चाळीस मिनिटं ऐकत बसले. मी समोर बसून त्यांच्याकडे बघत होते. एवढ्या वर्षांत त्या माणसाला स्क्रीनसमोर डोळे मिटलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी त्यांनी मान हलवली आणि मी फाईल गावी पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाळ्यातला फोन वाजला. मी उचलला, तर मुलगी नुसती रडत होती. मी घाईघाईने स्पीकर लावला.

"काका आहेत का? काका, काय केलंत तुम्ही? कुठली सेटिंग लावलीत?"

"विशेष काही नाही," काका म्हणाले. "जरा लहान केली."

"बाबा काल दीड तास बोलले! दीड तास! आत्या कधी रडली, कुणाचं पोर बोंबलत होतं, सगळं सांगितलं त्यांनी मला. म्हणाले, जावयाचा आवाज ठाम आहे, एक शब्द गिळला नाही त्याने, मला आवडला तो." नाक ओढल्याचा आवाज आला. "आणि मला झाप झाप झापलं. लहानपणी दर रविवारी विहारात आम्हा पोरांना बाबाच पंचशील शिकवायचे. पाचव्या शीलात एक लांबलचक शब्द आहे, तो मला कधी आलाच नाही. लग्नात सगळ्यांसमोर तिथेच माझी दातखीळ बसली. शेजारून हे मला तो शब्द सुचवणार, तेवढ्यात आठवला."

मी काकांकडे बघायचं टाळलं. ते आठ सेकंद मी कापायला निघाले होते.

"काय म्हणाले माहितीय बाबा?" तिला आता हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि मध्येच तिने वडिलांचाच आवाज काढला. "म्हणाले, 'अठ्ठावीस वर्षांची झालीस तरी तिथंच अडकतीस की गं. मी इथून मोठ्यानं सांगितला शब्द, तवा कुठं पुढं गेलीस.'"